‘लेझर’ नेमका कुठे वापरायचा: मोकळ्या वेळेचं इंग्रजी, टप्प्याटप्प्यानं

मोकळ्या वेळेबद्दल इंग्रजीत बोलायची वेळ आली की मराठी माणसाच्या त्याच त्या चुका होतात. ‘आय ॲम लेझर नाऊ.’ ‘इन माय लेझर्स आय रीड.’ ‘आय वॉन्ट लेझर फॉर टू डेज.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. लेझर म्हणजे फुरसत, सवड, रिकामा वेळ असं कोशात वाचलेलं असतं. मग मराठीत जिथे जिथे ‘रिकामा’ किंवा ‘मोकळा’ येईल तिथे तोच शब्द बसवला जातो. इंग्रजीत मात्र या एका जागेसाठी निदान अर्धा डझन शब्द आहेत आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे.

म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी मराठी अर्थ पक्का करायचा, मग उच्चार, मग व्याकरण, आणि त्यानंतर शेजारचे शब्द. पहिला टप्पा सोपा वाटतो म्हणून तो गाळला जातो आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. ‘लेझर’ वाचलं की काहींना किरण आठवतात. या लेखात ‘लेझर’ म्हणजे फक्त फुरसतीचा शब्द. किरणांना ‘लेसर’ आणि हिशेबातल्या खतावणीला ‘लेजर’ असं लिहिलं आहे.

## तयारी

एक वही घ्या. शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांचे असे कोश त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत आणि शब्दाशेजारी ब्रिटिश व अमेरिकन उच्चार ऐकायची दोन बटणं असतात. इंग्रजी-मराठी कोश तूर्त बाजूला ठेवा. तो अर्थ सांगतो, पण शब्द वाक्यात कसा बसतो हे बहुधा सांगत नाही.

आता स्वतःच्या रोजच्या बोलण्यातली, वेळेबद्दलची पाच मराठी वाक्यं वहीत लिहा. ‘आज मला अजिबात सवड नाही’, ‘संध्याकाळी मोकळी झाले की फोन करते’, ‘लाइट गेली म्हणून दुपारभर बसून होतो’, अशी खरीखुरी. भाषांतर आत्ता करायचं नाही.

## टप्पा १: आधी मराठीतला ‘रिकामा’ ओळखा

मराठीत ‘रिकामा’ फार कामं करतो. बाटली रिकामी, खुर्ची रिकामी, माणूस रिकामा, वेळ रिकामा. इंग्रजीत बाटली ‘एम्प्टी’, खुर्ची किंवा पद ‘व्हेकंट’ आणि माणूस ‘फ्री’. ‘आय ॲम व्हेकंट’ म्हणणाऱ्याला आपण कामात नाही एवढंच सांगायचं असतं, पण ऐकणाऱ्याला तो स्वतःला बिनडोक म्हणतो आहे असं वाटू शकतं.

वहीतलं प्रत्येक वाक्य खालीलपैकी कुठे बसतं ते पाहा.

- ‘मी आत्ता मोकळा आहे’: या क्षणी हातात काम नाही. शब्द: फ्री.
- ‘फावल्या वेळात पेटी वाजवते’: मुख्य काम उरकून उरलेला वेळ. शब्द: स्पेअर टाइम किंवा फ्री टाइम.
- ‘आयुष्यात जरा निवांतपणा हवा’, ‘फुरसतीनं वाचेन’: कसलंही बंधन नसलेला, आपल्या मर्जीचा वेळ. शब्द: लेझर.
- ‘दोन दिवस सुट्टी हवी’: मालकाकडून किंवा कचेरीतून घ्यायची रजा. शब्द: लीव्ह.
- ‘कच्चा माल आला नाही, कामगार बसून राहिले’: काम करायची तयारी आहे, पण काम नाही. शब्द: आयडल.
- ‘बँकेचं ॲप दोन तास बंद होतं’: यंत्रणा बंद पडलेली. शब्द: डाउनटाइम.

लेझर ओळखायला दोन प्रश्न पुरतात. या वेळात माझ्यावर काही बंधन आहे का? आणि मी जे करतो आहे ते माझ्या निवडीनं करतो आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ आलं, तरच लेझर. एसटी स्टँडवर गाडी दोन तास उशिरा आहे म्हणून बसून राहिलात, तर काम नसलं तरी ती फुरसत नाही, ते ताटकळणं आहे. तिथे लेझर चालत नाही. रविवारी दुपारी सगळं आवरून झाल्यावर पुस्तक घेऊन पडलात, तर तो लेझर.

घरकामालाही लेझर म्हणू नका. भारताच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोक दिवसभराचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. तिच्या वर्गवारीत विनामोबदला घरकाम, घरातल्यांची देखभाल आणि फुरसत हे वेगवेगळे गट आहेत. झोपही फुरसतीत धरलेली नाही, ती स्वतःच्या निगेच्या गटात जाते. ‘शी डज नॉट वर्क, शी हॅज अ लॉट ऑफ लेझर’ असं गृहिणीबद्दल म्हणणं म्हणूनच व्याकरणात बसलं तरी खरं नाही. ‘लेडी ऑफ लेझर’ हा शब्दप्रयोग तर आणखी जपून. पोटासाठी काम करावं न लागणाऱ्या बाईबद्दल तो काहीशा चेष्टेनं वापरतात. कौतुक म्हणून कुणाच्या आईबद्दल तो वापरलात, तर तिला टोचेल.

तपासा: पाचही वाक्यांसमोर गट लिहून झाला का? एखादं वाक्य दोन गटांत बसतंय असं वाटलं तर ते मराठीतच आणखी स्पष्ट करा. ‘वेळ नाही’ म्हणजे आज नाही, की एकूणच आयुष्यात नाही? पहिल्यासाठी ‘आय ॲम नॉट फ्री टुडे’, दुसऱ्यासाठी ‘आय हॅव व्हेरी लिटल लेझर’.

## टप्पा २: उच्चार

इथे घाई करू नका, कारण या शब्दातला मधला आवाज मराठीत नाहीच.

आधी पहिला स्वर. ब्रिटिश उच्चारात तो आखूड ‘ले’ आहे, ‘लेट्स गो’ मधल्यासारखा. अमेरिकेत बहुतेक लोक ‘लीझर’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. आपल्या शाळा-कॉलेजांत ब्रिटिश वळण जास्त ऐकू येतं, म्हणून तेच धरलं तरी हरकत नाही. फक्त एका संभाषणात एकदा ‘ले’ आणि एकदा ‘ली’ असं करू नका.

आता मधला आवाज. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत, ‘जहाज’मधला आणि ‘जीवन’मधला. ‘झाड’मधला ‘झ’ आणखी वेगळा. यातला एकही इथे लागू नाही. लिहिताना ‘झ’ लिहितो ते केवळ सोय म्हणून. खरा आवाज असा काढा:

१. ‘शहर’ म्हणताना जसा ‘श’ येतो तसा काढा आणि तो लांबवा: ‘श्श्श्श’.
२. दोन बोटं गळ्यावर ठेवा. थरथर जाणवणार नाही.
३. जीभ आणि ओठ जागचे हलवू नका. त्याच स्थितीत गळ्यातून आवाज सुरू करा. बोटांना थरथर लागली पाहिजे. हाच तो आवाज.
४. आता आधी ‘ले’ जोडा, मागे ‘अर’ जोडा.

जमलं की नाही हे पाहायला एक सोपी खूण आहे. मधला आवाज तुम्हाला श्वास पुरेल तोवर ओढता आला पाहिजे. ‘जीवन’मधला ‘ज’ ओढता येत नाही, कारण जीभ टाळूला टेकून वारा अडवते आणि मग सोडते. ओढताना आवाज तुटत असेल तर जीभ टाळूला टेकते आहे. ती किंचित खाली घ्या.

हा सराव एका शब्दासाठी नाही. प्लेझर, मेझर, ट्रेझर, युझ्वल, टेलिव्हिझन या सगळ्यांत हाच आवाज आहे आणि मराठी जिभेवर सगळीकडे ‘ज’ बसतो. शिंप्याच्या दुकानातली ‘मेजर टेप’ ही त्याचीच खूण. मराठीत बोलताना मेजर टेपच म्हणा, ती आता मराठीच झाली आहे. इंग्रजीत बोलताना मात्र लष्करातला मेजर आणि मोजमापाचा मेझर वेगळे ठेवावे लागतात.

सावधान: तीन शब्द एकमेकांत मिसळतात. लेझर, फुरसत: आखूड ‘ले’, मध्ये सराव केलेला आवाज. लेजर, खतावणी: आखूड ‘ले’, मध्ये ‘जीवन’मधला ‘ज’. लेसर, किरण: ‘ले’ लांब, ‘ले-इ’ असा, आणि मधला आवाज ‘स’ला घोष देऊन, म्हणजे ‘स’ म्हणतानाच गळ्यातून आवाज काढून. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या दोघांकडे विशेष लक्ष द्यावं. ब्रिटिश उच्चारात त्यांच्यात फरक आहे तो फक्त मधल्या एका आवाजाचा.

तपासा: मोबाइलच्या इंग्रजी श्रुतलेखनाला ‘आय हॅव नो लेझर’ असं ऐकवा. पडद्यावर खतावणी किंवा किरण उमटले, तर परत दुसऱ्या पायरीवर या. यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं, त्यामुळे एकदा बरोबर आलं म्हणून थांबू नका. सुटा शब्दही म्हणून पाहा.

## टप्पा ३: स्पेलिंग

एल, ई, आय, एस, यू, आर, ई. प्लेझर, मेझर, ट्रेझर यांत ‘ई-ए’ येतं, इथे ‘ई-आय’. शाळेत शिकवलेला ‘आय बिफोर ई’ हा नियम इथे मोडतो, म्हणून आय आणि ई यांची अदलाबदल फार होते. संगणक ती चूक पकडतो. लेझरऐवजी लेसर किंवा लेजर लिहिलंत तर तो गप्प बसतो, कारण तेही खरे शब्द आहेत. अर्ज किंवा निबंध पाठवण्याआधी हा एक शब्द डोळ्यांनी शोधून बघा.

## टप्पा ४: नाम म्हणून वापरताना

कोशात या शब्दापुढे ‘यू’ हे अक्षर किंवा ‘अनकाउंटेबल’ हा शब्द दिसेल. त्याचा अर्थ हे नाम मोजता येत नाही. त्यामुळे आधी ‘अ’ नाही, शेवटी ‘एस’ नाही, आणि ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘टू’, ‘थ्री’ही नाही. चालतात ते ‘मच’, ‘लिटल’, ‘मोअर’, ‘सम’, ‘अ लॉट ऑफ’. पाणी आणि दूध जसं मोजायला पेला लागतो तसं इथे ‘टाइम’, ‘अवर्स’ किंवा ‘ॲक्टिव्हिटी’ लागतं: ‘टू लेझर अवर्स’, ‘थ्री लेझर ॲक्टिव्हिटीज’.

नियम पाठ करण्यापेक्षा दोन वाक्यं पाठ करा, ती तुम्हाला कुठेही दिशा दाखवतील. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचं कलम २४ सुरू होतं ते असं: ‘एव्हरीवन हॅज द राइट टू रेस्ट अँड लेझर’. आणि आपल्या राज्यघटनेच्या कलम ४३ मध्ये कामगारांसाठी ‘फुल एन्जॉयमेंट ऑफ लेझर’ असे शब्द आहेत. दोन्हीकडे ‘अ’ नाही, ‘एस’ नाही. शिवाय पहिल्या वाक्यात विश्रांती आणि फुरसत वेगळी मांडली आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. थकवा घालवायला घेतो ती ‘रेस्ट’. लेझर त्यापुढचा, अंगात त्राण असताना स्वतःच्या मर्जीनं जगायचा वेळ. कामगाराला नुसती झोपेपुरती सवड देऊन भागत नाही, हे घटनेत लिहिलेलं आहे, आणि मला तर हा शब्द शिकण्यासाठी याहून चांगलं वाक्य सापडत नाही.

पुढे क्रियापद जोडायचं असेल तर ‘द लेझर टू’ वापरा: ‘आय डोन्ट हॅव द लेझर टू रीड नॉव्हेल्स’. कादंबऱ्या वाचण्याइतकी सवड नाही.

एक फसवं वाक्य: ‘शी हॅज नॉट हॅड अ मोमेंट्स लेझर’. इथे ‘अ’ दिसतो म्हणून गोंधळू नका. तो ‘मोमेंट’चा आहे. आपल्या ‘क्षणाची उसंत नाही’ला याहून जवळचं इंग्रजी नाही.

सावधान: रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही ‘लेझर’ फार वापरत नाही, ‘फ्री टाइम’ म्हणतो. लेझर हा लेखाचा, निबंधाचा, धोरणाचा, पर्यटनाचा शब्द. मित्राला ‘डू यू हॅव लेझर टुनाइट?’ असं विचारणं म्हणजे चहाच्या टपरीवर ‘आपणांस अवकाश आहे काय?’ म्हणण्यासारखं आहे. तिथे ‘आर यू फ्री टुनाइट?’

## टप्पा ५: दुसऱ्या नामाआधी

लेझर ॲक्टिव्हिटीज, लेझर इंडस्ट्री, लेझर ट्रॅव्हल, लेझरवेअर. या जागी शब्द जसाच्या तसा राहतो. अनेकवचन लागतं ते मागच्या नामाला.

ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना ‘लेझर सेंटर’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच भेटतो. ते पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, बॅडमिंटनची कोर्टं असलेलं सार्वजनिक केंद्र असतं. नावावरून बागबगीचा किंवा क्लब समजू नका.

हॉटेलच्या किंवा विमानाच्या अर्जावर प्रवासाचं कारण विचारतात तिथे ‘बिझनेस’ आणि ‘लेझर’ असे पर्याय येतात. सहलीला चाललात तर लेझर. लग्नाला चाललात आणि तिसरा पर्याय नसेल, तरी लेझरच, कारण तिथे प्रश्न इतकाच असतो की प्रवास कामधंद्यासाठी आहे की नाही. वाक्यात सांगताना शब्दयोगी म्हणून ‘फॉर’ घ्या: ‘आय ॲम ट्रॅव्हलिंग फॉर लेझर’. ‘ऑन लेझर’ नाही.

## टप्पा ६: ‘ॲट लेझर’ आणि ‘ॲट युवर लेझर’

या दोन शब्दप्रयोगांमुळे पैशाचं आणि कामाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून सावकाश वाचा.

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत. ‘डे फोर: ॲट लेझर’ किंवा ‘इव्हिनिंग ॲट लेझर’ असं छापलेलं असतं. याचा अर्थ त्या वेळेसाठी कंपनीनं काहीही ठरवलेलं नाही. तुम्ही मोकळे, कंपनीही मोकळी. बरेच प्रवासी याचा अर्थ ‘आपल्याला हवं तिथे नेतील’ असा घेतात आणि परदेशात सकाळी हॉटेलच्या दारात गाडीची वाट पाहत उभे राहतात. गाडी दिमतीला असेल तर पत्रिकेत ‘व्हेइकल ॲट डिस्पोझल’ अशा अर्थाचे शब्द असतात. ॲट लेझर आणि ॲट डिस्पोझल यांत हा एवढा फरक आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी पत्रिकेत ‘लेझर’ शोधा, जिथे सापडेल तिथे खूण करा आणि कंपनीला लेखी विचारा:

- त्या दिवशीचं जेवण पॅकेजमध्ये आहे का? कुठलं, नाश्ता की सगळं?
- गाडी आणि गाइड असेल का?
- त्या दिवशी ‘ऑप्शनल टूर’ देणार असाल तर तिचे पैसे वेगळे का, आणि किती?
- हॉटेल गावात आहे की गावाबाहेर? स्वतः फिरायचं तर वाहन मिळतं का?

घरातल्या ज्येष्ठांना सहलीला पाठवताना हे विचारणं विसरू नका. पत्रिका इंग्रजीत असते, प्रश्न विचारायला त्यांना संकोच वाटतो, आणि अनोळखी शहरातला अख्खा दिवस त्यांना एकट्यानं काढावा लागतो. तीन-चार अशा ‘ॲट लेझर’ संध्याकाळी असल्या तर पॅकेज स्वस्त का आहे तेही कळतं.

ईमेलमध्ये. ‘प्लीज रीड इट ॲट युवर लेझर’ म्हणजे सवडीनं वाचा, मला घाई नाही. हे खरंच घाई नसेल तेव्हाच लिहा. अनेकांना ते अदबीचं वाटतं, म्हणून शुक्रवारपर्यंत हव्या असलेल्या सहीसाठीही ते लिहितात. साहेब ते शब्दशः घेतात आणि सही पुढच्या आठवड्यावर जाते. यात साहेबांची चूक नाही. तारीख असेल तर तारीखच लिहा: ‘कुड यू प्लीज साइन दिस बाय फ्रायडे?’ अदब ‘कुड यू प्लीज’मध्ये आहेच.

उलट टोकाला ‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’. दिसायला हेही सवडीचंच वाटतं, पण त्यात ‘शक्य तितक्या लवकर’ आहे. दोन्ही एकाच अर्थानं वापरू नका.

म्हणीत. ‘मॅरी इन हेस्ट, रिपेंट ॲट लेझर.’ घाईत लग्न करा आणि मग सावकाश पस्तावा. इथे ॲट लेझरचा अर्थ फुरसत नसून ‘पुढे भरपूर वेळ’ असा आहे. ही म्हण वाचून ‘ॲट लेझर’ला वाईट अर्थ आहे असं समजू नका.

तपासा: ‘ॲट’ आहे का? ‘इन युवर लेझर’, ‘ऑन युवर लेझर’ ही दोन्ही चुकतात. ‘इन’ हवा असेल तर ‘टाइम’ जोडा: ‘इन युवर लेझर टाइम’.

## टप्पा ७: ‘लेझर्ली’

शेवटी ‘एल-वाय’ दिसलं की क्रियाविशेषण, हा शाळेतला ठोकताळा इथे फसवतो. लेझर्ली मुख्यतः विशेषण आहे: ‘अ लेझर्ली वॉक’, निवांत फेरफटका. ‘अ लेझर्ली लंच’, गप्पा मारत रेंगाळलेलं जेवण. आणि हो, इथे ‘अ’ येतो, कारण तो फेरफटक्याचा आणि जेवणाचा आहे. ‘ही वॉक्ड लेझर्ली’ असं कोशात सापडेल, पण कानाला बरं लागतं ते ‘ॲट अ लेझर्ली पेस’. माणसाला हे विशेषण लावू नका. ‘ही इज अ लेझर्ली मॅन’ यातून ‘निवांत स्वभावाचा’ हा अर्थ पोहोचत नाही. तिथे ‘इझीगोइंग’ किंवा ‘रिलॅक्स्ड’ म्हणा.

## टप्पा ८: शेजारचे शब्द

फ्री. इथल्या चुका मराठी वाक्यरचनेतून येतात. ‘मोकळी होईन तेव्हा फोन करीन’ याचं ‘व्हेन आय विल बी फ्री, आय विल कॉल’ होतं. इंग्रजीत ‘जेव्हा’ या अर्थाच्या ‘व्हेन’नंतर भविष्यकाळ येत नाही: ‘आय विल कॉल व्हेन आय ॲम फ्री’. ‘वेळ मिळत नाही’चं ‘आय ॲम नॉट गेटिंग टाइम’ होतं. म्हणायला हवं, ‘आय डोन्ट गेट मच टाइम’. ‘आय ॲम हॅविंग फ्री टाइम’ही नको, ‘आय हॅव सम फ्री टाइम’. शाळेतला ‘ऑफ तास’ आपल्यात सगळ्यांना कळतो, बाहेर तो ‘फ्री पिरिअड’.

स्पेअर. नुसता ‘उरलेला’ नाही, ‘देता येण्याजोगा’ अशीही छटा आहे. म्हणून विनंतीसाठी हे क्रियापद फार चांगलं: ‘कुड यू स्पेअर टेन मिनिट्स?’ वडीलधाऱ्यांना, वरिष्ठांना वेळ मागताना हेच वाक्य वापरा.

आयडल. यंत्राबद्दल बोलताना निर्धास्त वापरा: ‘द मशीन वॉज आयडल’. यंत्राला लेझर नसतो. कारखान्यात ‘आयडल टाइम’ म्हणजे ज्याची मजुरी दिली पण काम झालं नाही असा वेळ: वीज गेली, माल आला नाही, यंत्र बिघडलं. परिव्ययलेखा, म्हणजे कॉस्ट अकाउंटिंग, शिकणाऱ्यांना हे ठाऊक असेलच. नेहमीचा, टाळता न येणारा आयडल टाइम उत्पादनखर्चात धरतात, आणि संप किंवा मोठा बिघाड यांमुळे गेलेला वेळ परिव्यय नफातोटा खात्यात टाकतात. उत्तरपत्रिकेत तिथे ‘लेझर टाइम’ लिहिलं तर संकल्पनाच चुकली.

माणसाबद्दल मात्र जपून. ‘द वर्कर्स वर आयडल’ म्हणजे त्यांना काम नव्हतं, हे ठीक. ‘ही इज आयडल’ म्हटलं की अर्थ आळशी, रिकामटेकडा असा होतो. शिवाय ‘आदर्श’ किंवा ‘मूर्ती’ या अर्थाचा आयडल उच्चारात अगदी हाच आहे, स्पेलिंग तेवढं वेगळं: आळशी तो डी-एल-ई, मूर्तीचा तो डी-ओ-एल. ‘माय फादर इज माय आयडल’ लिहिताना शेवटची तीन अक्षरं दोनदा पाहा.

डाउनटाइम. मुळात यंत्राचा किंवा सर्व्हरचा. अलीकडे माणसाच्या विश्रांतीलाही म्हणतात: ‘आय नीड सम डाउनटाइम’. बोलण्यात चालतं, अर्जात नको.

पासटाइम. हा मोजता येतो: ‘माय फेव्हरिट पासटाइम’, ‘टू पासटाइम्स’. स्पेलिंगमध्ये ‘एस’ एकच आणि ‘टी’ही एकच. आणि आपला टाइमपास, तो भारतीय इंग्रजीत रुळला आहे, आपापसांत खुशाल वापरा. पण मुलाखतीत ‘आय डू टाइमपास’ म्हणू नका. परदेशी माणसाला तो कळणार नाही आणि भारतीय परीक्षकाला नको तेवढा कळेल. ‘वेळ घालवत होतो’साठी ‘आय वॉज जस्ट पासिंग द टाइम’.

## टप्पा ९: मुलाखतीतलं उत्तर बांधा

नोकरीच्या मुलाखतीत आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेच्या पहिल्या भागात हा विषय वरचेवर निघतो. तो पहिला भाग ४ ते ५ मिनिटांचा असतो आणि प्रश्न अनेक, म्हणून पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवायला तिथे जागा नसते. तीन वाक्यं पुरतात, या क्रमानं.

पहिलं, काय करता. ‘इन माय फ्री टाइम, आय रीड अबाउट फोर्ट्स.’ प्रश्नात ‘लेझर’ आला असेल तर उत्तरात ‘फ्री टाइम’ म्हणायला हरकत नाही, उलट ते सहज वाटतं. काळ साधा वर्तमान. ‘आय यूज टू रीड’ ही इथली सर्वांत पसरलेली चूक. ‘यूज’च्या शेवटी ‘डी’ लावला तर अर्थ होतो ‘पूर्वी वाचायचो, आता नाही’. सवय सांगायला ‘आय युझ्वली रीड’.

दुसरं, कधी आणि किती. ‘मोस्टली ऑन संडे मॉर्निंग्ज.’

तिसरं, एक नेमका तपशील. ‘लास्ट मंथ आय वेंट टू राजगड विथ माय कझिन्स.’ याच वाक्यावर समोरचा माणूस जागा होतो. म्हणून ते खरं असलं पाहिजे.

आवड सांगताना जोड्या पक्क्या ठेवा: ‘आय लाइक रीडिंग’ किंवा ‘आय लाइक टू रीड’, पण ‘एन्जॉय’नंतर फक्त ‘रीडिंग’. ‘आय लाइक टू रीडिंग’ आणि ‘आय एन्जॉय टू रीड’ ही दोन्ही खोडून टाका.

सावधान: ‘रीडिंग, म्युझिक, क्रिकेट, ट्रॅव्हलिंग’ अशी यादी देऊ नका. दुसरा प्रश्न यादीतल्या सर्वांत कच्च्या गोष्टीवर येतो. ‘व्हॉट आर यू रीडिंग दीज डेज?’ याला उत्तर नसेल तर वाचन सांगू नका. भाकरी उत्तम करत असाल, शेतातल्या मोटारीची दुरुस्ती आवडीनं करत असाल, भजनी मंडळात पखवाज वाजवत असाल, तर ते सांगा. पखवाज म्हणजे काय असं विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल असं तयार ठेवा: ‘इट इज अ टू-हेडेड ड्रम वी प्ले विथ डिव्होशनल साँग्ज’. त्यापाठोपाठ ‘हाऊ ऑफन डू यू प्ले?’ येतो, आणि त्याला ‘एव्हरी एकादशी’ म्हणालात तर एकादशीही समजावून सांगावी लागेल. म्हणून ‘ट्वाइस अ मंथ’ म्हणा आणि थांबा.